भाषणावर उकडलेली अंडी

सोमवार, ४ मार्च

आज अंडी चांगली उकडली. इथेच माशी शिंकली.

सुरीने कापलं तर बलक पिवळाधमक. कडेची ती हिरवट-काळी रेघ नाही, कुबट वास नाही, पांढऱ्याचं रबर झालेलं नाही. या घरात कित्येक वर्षांत असं अंडं पाहिलं नव्हतं. आणि आज तर मी नेहमीपेक्षा जास्तच बोललो होतो. बस डेपो बंद करायच्या कारस्थानापासून सुरुवात केली, बोलता बोलता वाफेच्या इंजिनापर्यंत मागे गेलो, तिथून परत यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात अंड्यांचे दगड व्हायला हवे होते. झाले नाहीत. म्हणजे माझं भाषण संपायच्या आधीच हिने भांडं उतरवलं!

आमच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. लग्न झालं तेव्हाच मी सांगितलं होतं — दिवसभर डेपोच्या वर्कशॉपात भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, भोंग्यावर लघवीला जायचं. निदान घरची शेगडी तरी आपल्या मर्जीने चालू दे. घड्याळ हे मालकाचं हत्यार आहे, हे युनियनच्या व्यासपीठावरून उभं आयुष्य सांगत आलो. तेच घरात टांगून कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून आमची अंडी माझ्या भाषणावर उकडतात. पाण्याला उकळी फुटली की ही म्हणते, "चला." मी खिडकीशी जातो, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि "मित्रहो" म्हणतो. ही मागे स्टुलावर बसून ऐकते. "आपण हटणार नाही" या वाक्यावर भाषण संपतं. माझं प्रत्येक भाषण त्याच वाक्यावर संपतं. शेगडी बंद, अंडी गार पाण्यात. मग मी वळून विचारतो, "कसं झालं?"

मुलगी शाळेत होती तेव्हा बशीत बघून म्हणायची, "बाबा, बलक हिरवा! आज परत इतिहासात शिरलात."

नोकरी संपली, मुलगी परगावी गेली. सराव सुटला नाही, अंडीही नाहीत.

ही नळाशी अंडी सोलत होती. विचारलं, "आज लवकर उतरवलीस?" उत्तर नाही. परत विचारलं. म्हणाली, "हो, मीठ तिथेच ठेवलंय."

टाळाटाळ. मग दिसलं. साखरेच्या डब्यामागे, काचेचं, बोटभर उंच — वाळूचं घड्याळ.

मंगळवार, ५ मार्च

"तुमच्या कंडक्टरने दिलं," ही म्हणाली. जशी काही शेजारणीने वाटीभर साखर दिली. "वाळू पडताना बघायला बरं वाटतं."

कंडक्टर! मी त्याला मनातल्या मनात मधाळ म्हणतो. पंचेचाळिशीचा आहे, बसमध्ये तिकिटं फाडतो आणि आमच्या युनियनच्या सभांत बोलतो. बोलायला शिकला तो माझ्याच हाताखाली. पहिल्या सभेत प्यायला पाणी मी दिलं होतं, पाठीवर थाप मी मारली होती. आता लोक त्याला उचलून धरतात. माझ्या भाषणात तीन शतकं असतात, त्याच्या भाषणात एक बस. पण टाळ्या बसला.

ते जाऊ दे. टाळ्यांचं मला काही नाही. (हे खोटं आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू?) पण व्यासपीठ घेतलं ते घेतलं, आता हा माझ्या स्वयंपाकघरात घुसला. सबंध शहरात एकच श्रोता असा होता की ज्याच्यासमोर मी आधी बोलायचो आणि मग जगासमोर. तिच्या हाताखाली आता वाळू पडते. मी बोलतोय, आणि ही वाळूकडे बघतेय.

गुरुवार, ७ मार्च

आज मुद्दाम लांबवलं. बलक पिवळा.

शनिवार, ९ मार्च

हॉलमध्ये सभा झाली. ही नेहमी मागच्या दाराशी बसते, बायकांच्या घोळक्यात, हातात विणकाम. आज पहिल्या रांगेत! मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, राग गेला असेल, कशाचा होता कोण जाणे.

मी बोलायला उठलो. समोरच होती, पण भिवया आखडलेल्या, मान पुढे काढलेली, डोळे बारीक — कोणी नावडतं पुस्तक बळेच वाचायला लावावं तसा चेहरा. मी कामगार आणि कावळ्याचा विनोद केला. सगळे हसले. ही हसली, पण एक क्षण उशिरा, शेजारच्या बाईकडे बघून. तोंडदेखलं हसणं मला कळत नाही की काय? हजारो चेहरे वाचले आहेत मी.

मग तो उठला. माइक बाजूला सारला, म्हणे "एवढ्याशा खोलीत कशाला हवा." हिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. तो म्हणाला, "साहेब म्हणतात बस तोट्यात आहे. साहेब, बसमध्ये कधी बसलायत का? बसा. पण सुट्टे पैसे आणा." आणि ही हसली. सगळ्यांच्या बरोबर, अगदी त्याच क्षणी, तोंडाला पदर लावून.

पदर लावून हसणं मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही.

तसला संशय नाही माझा. साठी गाठलेली माणसं आम्ही. पण नवऱ्याच्या सरणाऱ्या आयुष्यात एक बाई दुसऱ्याचं बोलणं असं पिऊन घेते, याला तसलं काही असावंच लागतं का?

रविवार, १० मार्च

तो घरी आला. दारातूनच "वहिनी!" — आणि आत येऊन स्टूल ओढलं ते थेट हिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं. माझ्याकडे पाठ. हा संस्कार!

"वहिनी, वाळू बरोबर पडते ना?"

"पडते. बघा तरी, एक खाऊन बघा."

"भाऊंची परवानगी असेल तर. मी त्यांच्या पोटावर पाय दिला असं वाटायला नको."

"माझं पोट भरलेलं आहे," मी म्हणालो.

ही एवढ्यानेही हसली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो हसला. अंड्याची बोथट बाजू ओट्यावर टेकवून टचकन फोडली, तळहाताखाली एकदा फिरवलं, टरफल लांबच लांब पट्टीसारखं सुटून आलं. ही टाळ्या वाजवायच्या बेतात. आणि बोलणं कसं — शब्द न शब्द सुटा, सावकाश, हिच्या डोळ्यात बघत, जसं काही हिला बाराखडी शिकवतोय. माझ्याशी असं कोणी बोललं असतं तर मी उठून गेलो असतो. ही मात्र त्याला घरातलं सगळं सांगत बसली: गच्चीत पाणी साचतं, गुडघा दुखतो, मुलीला बढती मिळाली. माझ्याशी दिवसभरात "हं", "बरं", "ठेवलंय" यापलीकडे शब्द नाही.

तो गेल्यावर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, "अहो, मिशी कापा ना जराशी. पार ओठांवर आलीये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याचा चेहरा कसा आहे. सोललेल्या अंड्यासारखा.

मिशी कापणार नाही. ही मिशी घेऊन मी लाठीमारासमोर उभा राहिलो आहे. ही मिशी बघून एकदा मॅनेजर खुर्चीतून उठला होता. गुळगुळीत चेहऱ्याची आवड हिला म्हातारपणी लागली असेल, तर तो तिचा प्रश्न.

मंगळवार, १२ मार्च

कमिटीची बैठक. डेपो वाचवायचा मोठा मेळावा चोवीस तारखेला, मैदानावर. आजवर प्रत्येक मेळाव्याचा समारोप मी केला आहे. लोक घरी जातात ते माझं वाक्य घेऊन.

सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाला, "भाऊ, या वेळी प्रास्ताविक तुम्ही करा. समारोप कंडक्टर करेल."

"कारण?"

"कारण असं नाही. लोकांना शेवटची बस पकडायची असते."

सगळे हसले. मधाळ हसला नाही, खाली बघत होता. त्याचा तो समजूतदारपणा मला हसण्यापेक्षा जास्त झोंबला. मी म्हणालो, पुढच्या मंगळवारी सांगतो.

घरी आलो. ही ओट्याशी ताटं पुसत होती, माझ्याकडे पाठ. मी दारात उभा राहून सांगितलं, "समारोप त्याला देतायत." पूर्वी अशी बातमी असती तर ताट आपटलं असतं हिने. कमिटीतल्या एकेकाचा उद्धार केला असता, मला गप्प करावं लागलं असतं. आज — काही नाही. ताट पुसलं, फडताळात ठेवलं, दुसरं घेतलं.

तिला आधीच माहीत असणार. त्यानेच सांगितलं असणार.

बुधवार, १३ मार्च

ही दवाखान्यात गेली होती, गुडघ्यासाठी. मी ठरवलं, कोणाचं काही अडत नाही, अंडी आपणच उकडू. वाळूला हात लावायचा नाही, भाषणावरच.

उकळी आली. खिडकीशी गेलो. "मित्रहो." पण मागे कोणी नाही आणि शेगडीकडे बघायलाही मीच! बोलताना मान सारखी मागे. वाक्य इकडे, डोळा तिकडे. वक्ता आणि श्रोता एकाच अंगात राहू शकत नाहीत, हे मला आज कळलं. शेवटी घाबरून मधेच उतरवली. सोलायला घेतली तर टरफलाबरोबर अर्धा पांढरा गेला, बलक ओघळला, बशीत नुसता चिखल. त्याच्यासारखं बोथट बाजूने फोडून पाहिलं. तळहाताखाली फिरवूनही पाहिलं. तरी चिखल.

ही आली, बशी पाहिली. "कालचीच अंडी ना ही? ताजी सोलता येत नाहीत. जरा शिळी व्हावी लागतात."

या हिशोबाने माझी भाषणं आतापर्यंत फार छान सोलली जायला हवी होती.

तोंडात खडे धरून समुद्रासमोर बोलायची सवय करणाऱ्या एका प्राचीन वक्त्याबद्दल वाचलं आहे. मी ते उरलंसुरलं अंडं तोंडात धरून दोन वाक्यं बोलून पाहिली. ठसका लागला. हिने पाठीवर हात फिरवला. फिरवत राहिली.

शुक्रवार, १५ मार्च

मुलीचा फोन. "आईला द्या ना." हिने लांबूनच हात हलवला: "तुम्हीच बोला, माझे हात ओले आहेत."

हात कोरडे होते. मी बघत होतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई हल्ली फोनवर येतच नाही. मेसेज मात्र रोज करते. तुमचं भांडण झालंय का?"

"भांडायला दोघांनी बोलावं लागतं."

"म्हणजे तुम्ही बोलताय आणि ती गप्प?"

"म्हणजे मी बोलतोय आणि ती दुसऱ्याचं ऐकतेय."

"बाबा, तुम्ही घरात बोलता की भाषण करता?" त्याच्यावर हसली आणि फोन ठेवला. आईवर गेली आहे. आईवर, म्हणजे पूर्वीच्या आईवर.

रविवार, १७ मार्च

वाळूचं घड्याळ लपवलं. संपांच्या इतिहासाचे जाडजूड खंड आहेत, त्यांच्या मागे. तिथे या घरात माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

चोरासारखं वाटलं. पण घरातला घुसखोर बाहेर काढणं ही चोरी नव्हे. तसं मी कपाटासमोर उभं राहून स्वतःला मोठ्याने पटवून दिलं. ही त्याच खोलीत कपडे घडी करत होती. मान वर केली नाही.

सोमवार, १८ मार्च

आज काय ते कळून चुकलं.

हिने साखरेच्या डब्यामागे हात घातला, शोधलं, डबा हलवला. माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्रात. तिने अंडी पाण्यात टाकली. उकळी फुटली. "चला."

मी मनाशी कसोटी ठरवली होती. बोलायचं, जीव ओतून बोलायचं. शेवटचं वाक्य म्हणायचं. पण वळायचं नाही. "कसं झालं" विचारायचं नाही. खिडकीकडेच बघत राहायचं. ऐकत असेल तर तिला भाषण संपल्याचं कळेल आणि शेगडी बंद होईल. नसेल ऐकत तर —

असं बोललो आज की खालून जाणारा पोस्टमन थांबला. वाफेचं इंजिन नाही, तीन शतकं नाहीत. डेपो, वर्कशॉप, हाताला लागलेलं ग्रीस, पहिल्या पगारात हिला घेतलेल्या चपला. हे मी कधी कुठल्या सभेत बोललो नव्हतो. हे तिच्याचसाठी होतं. "आपण हटणार नाही." संपलं.

मी खिडकीकडे तोंड करून उभा. मागे काही नाही. पाणी खदखदतंय. मी उभा. पाणी आटायला लागल्याचा आवाज मला कळतो, घोंगावणं बदलतं. मी उभा. मग अंडी कोरड्या तळावर नाचायला लागली, टक् टक् टक्, दार वाजवल्यासारखी. पोस्टमनही वर बघायला लागला. मी वळलो नाही. ती उठली नाही. मला बघायचं होतं कोण आधी हटतं!

फाट् — एक अंडं फुटून छताला लागलं. तेव्हा वळलो.

ही स्टुलावर, शेगडीकडे पाठ करून, हात मांडीवर, माझ्या पाठीकडे बघत बसली होती. अंड्याच्या आवाजाने दचकलीसुद्धा नव्हती. मी वळलो तेव्हा उठली, आणि जशी काही आत्ताच वेळ झाली अशा संथपणे मागे फिरली. मग धूर दिसला तिला. मग धावली.

इतका तिरस्कार! अंडी जळोत, भांडं जळो, घर जळो, पण याच्या भाषणाला दाद द्यायची नाही! मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. मागून हाक मारली तिने. मी थांबलो नाही. दाद न देणं मलाही येतं.

मंगळवार, १९ मार्च

सेक्रेटरीला सांगितलं: समारोप त्याला द्या, प्रास्ताविकही त्यालाच द्या. मी बोलणार नाही. ज्याचं बोलणं घरात कोणी ऐकत नाही, त्याने मैदानावर कशाला उभं राहावं?

बुधवार, २० मार्च

मिशी काढली.

काल संध्याकाळी मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, "माझं बोलणं इतकं नकोसं झालंय तुला?" उत्तर नाही. वळलो, ओरडून परत विचारलं. ही जवळ आली. माझ्या मिशीवर बोट ठेवलं. "ही मधे येते. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे कळत नाही." मग सावकाश सांगितलं. एक कान केव्हाच गेला. दुसऱ्यात नुसतं घुमतं, रस्त्यावरची बस काय आणि तुम्ही काय, सारखेच. भाषण कधी संपलं ते तुम्ही वळलात की कळायचं. तोवर अंड्यांची वाट लागलेली. म्हणून वाळू. कंडक्टरने पहिल्या भेटीतच ओळखलं, त्याची आई अशीच होती. मीच त्याला शपथ घातली, यांना सांगू नकोस म्हणून.

"पण का?"

"तुम्ही आयुष्यभर माझ्यापुढे उभे राहून मग बाहेर पडलात. इथे कोणी ऐकत नाही म्हटल्यावर बाहेर पडला असतात?"

सेक्रेटरीला फोन केला. समारोप त्याचाच. प्रास्ताविक मी करीन, छोटं. माइक बाजूला ठेवा, तोंडासमोर येतो.

वाळू परत साखरेच्या डब्यामागे ठेवली. आज सकाळी ही म्हणाली, "चला." खिडकीकडे पाठ केली, स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. वरचा ओठ उघडा, थंडगार. "मित्रहो" म्हणायला जीभ वळेना, नुसतंच बोललो. पहिल्या पगारातल्या चपलांपाशी आलो तर म्हणाली, "त्या चावायच्या मला." पदर तोंडाला.

शेवटच्या वाक्याला आलो. मी तोंड उघडायच्या आत तिने मागे हात करून शेगडी बंद केली. वाळू अजून पडत होती.

"असू दे," म्हणाली. "ते मला पाठ आहे."